दोन बोटांचा उंबरठा

"मॅडम, मला फक्त ग्राफ द्या. बाकीचं मी बघतो."

प्राचार्य अ‍ॅनिमल हाउसच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. आत ते कधीच येत नसत. उंदरांचा वास त्यांना सोसत नसे, आणि दारातून बोललं की लवकर सटकता येतं.

"सर, ग्राफ तयार आहे. पण माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"विश्वास नाही म्हणजे? आकडे तुमचेच ना?"

"आमचेच. म्हणून तर सांगते."

त्यांनी रुमाल काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि परत लावला. "रविवारी आपल्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा कापूस मेळावा आहे. फवारणीच्या औषधानं स्मरणशक्ती जाते हे आपल्या कॉलेजनं सिद्ध केलं, असं मी त्यांना सांगून बसलोय. आणि आता तुम्ही म्हणता थांबा."

"थांबाच, सर."

"तुम्ही रिटायरमेंटला टेकलात. तुम्हाला परवडतं," असं म्हणून ते गेले.

मला काहीच परवडत नव्हतं. गुडघे कामातून गेले होते. दुपारी लोडशेडिंग असायचं. पिंजरे धुणारा माणूस लग्नसराईत गावाला गेला की गेलाच. मी फार्माकॉलॉजी शिकवायची, म्हणजे औषध शरीरात जाऊन काय करतं त्याचं शास्त्र. त्यासाठी पांढरे उंदीर पाळावे लागतात, आणि उंदरांना रविवार नसतो. बस्स झालं, असं रोज सकाळी कुलूप उघडताना वाटायचं.

आमचं फार्मसी कॉलेज नांदुऱ्याजवळ. खिडकीतून बघाल तिकडे कपाशी. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा लोकांना वाटलं, चला, फवारणीतून सुटलो. बोंडअळी काही वर्षं दबली हे खरं. पण पानांतला रस शोषणारे मावा आणि तुडतुडे कुठे गेले नव्हते. झाडं डोक्याएवढी वाढायची. माणूस पंप पाठीला लावून वर तोंड करून फवारायचा, आणि निम्मं औषध त्याच्याच अंगावर. दरवर्षी हंगामात कोणी ना कोणी चक्कर येऊन दवाखान्यात. सलाईन लागलं, घरी आला, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वावरात.

सुजाता माझी एम.फार्मची विद्यार्थिनी. जानेफळकडच्या एका खेड्यातली, हॉस्टेलला राहायची. प्रोजेक्टचा विषय तिनं स्वतः आणला होता: फवारणीचं औषध थोडं थोडं पोटात गेलं तर स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो. मी म्हटलं, विषय जड आहे, काहीतरी सोपं घे, वर्षभरात आटोपशील. ती म्हणाली, "मॅडम, मले हाच पाह्यजे."

कारण नंतर कळलं. तिचे वडील मजुरीनं फवारणी करायचे. एका हंगामात वावरातच पडले. दवाखान्यातून नीट होऊन घरी आले, आणि काही आठवड्यांनी बिघडले. आई सांगायची, झोकांड्या खात चालायचे. मग चालणंच सोडलं. मग बोलणं सोडलं. कोपऱ्यात बसून राहायचे. हाक मारली तरी ढिम्म. गावानं निकाल देऊन टाकला, की पिऊन पिऊन डोकं गेलं. आणि हा माणूस विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेणारा! आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. धाकट्या मुलीची ठरत आलेली सोयरीक त्यावरून मोडली. बाप दारुडा, वर डोक्यानं गेलेला.

"औषधानं झालं हे मले सिद्ध करायचं आहे, मॅडम," सुजाता म्हणाली. "दारूनं नाही. एवढं झालं का मी सुटली."

मी तिला सांगितलं नाही की शास्त्र असं मागून मिळत नसतं. सांगायला हवं होतं, पण पोरीचा चेहरा बघून जीभ उचलली नाही.

आता आमची पेटी समजून घ्या. नाव शटल बॉक्स. शिंप्याच्या मशिनीएवढी लाकडी पेटी, मध्ये भिंत, भिंतीत उंदराच्या मापाचं दार. दोन खोल्यांचं घरच म्हणा. डाव्या खोलीच्या तळाला स्टीलच्या बारीक सळ्या, त्यातून हलका करंट सोडता येतो. किती हलका, ते मी स्वतः बोट लावून बघितलंय. मुंगी चावते तेवढा. उजवी खोली बिनधोक.

उंदराला डावीकडे ठेवायचं. दिवा लागतो. काही सेकंद जातात, मग करंट येतो. पहिल्या दिवशी उंदराला काही उमगत नाही. पायाला चटका बसला की तो सैरावैरा पळतो आणि केव्हातरी दार सापडून पलीकडे जातो. याला आम्ही एस्केप म्हणतो, म्हणजे संकट आल्यावर सुटणं. रोज हेच केलं की हळूहळू त्याच्या लक्षात येतं, दिवा लागला की पाठोपाठ चटका. मग तो नुसता दिवा लागताच पलीकडे जाऊन बसतो. याला म्हणायचं अव्हॉइडन्स. संकट यायच्या आधीच टाळणं. जो टाळायला शिकला, त्याचं डोकं शाबूत. दाराच्या वरच्या बाजूला आडवा एक प्रकाशाचा किरण असतो. उंदीर दारातून पार झाला की किरण तुटतो आणि काउंटरवर आकडा पडतो. माणसानं बघत बसायची गरज नाही.

सुजातानं उंदरांचे गट केले. एकाला साधं पाणी, बाकीच्यांना पाण्यातून औषधाचा बारीक डोस. पाणीवाले पटापट शिकले. औषधवाल्यांच्या नावावर काउंटर आकडाच टाकेना. दिवा लागायचा, करंट यायचा, उंदीर इकडेच. रोज तेच. ग्राफ काढला तर एक रेघ डोंगर चढल्यासारखी, दुसरी जमिनीला चिकटलेली. सुजाता त्या ग्राफकडे बघून माझ्यासमोर रडली. "पाह्यलं मॅडम? औषधानंच!" प्राचार्यांना कळलं, त्यांनी अध्यक्षांना कळवलं. एवढी सोपी रेघ कोणाला आवडणार नाही?

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. औषधवाले उंदीर टाळायला शिकत नव्हते, ठीक. पण करंट सुरू झाल्यावरही ते पलीकडे जात नव्हते, आणि एखादा गेलाच तर फार वेळानं. आता असं बघा, मास्तरांनी छडी उगारली आणि पोरगं पळालं नाही, तर ते मागचा मार विसरलं असं म्हणता येईल. छडी पाठीत बसल्यावरही पळालं नाही, तर? तिथं आठवणीचा काय संबंध? पाठीत बसलेली छडी आठवावी लागत नाही.

हे मी सुजाताला सांगितलं. ती उखडली.

"तुम्ही काऊन शंका घेऊन राह्यल्या, मॅडम? निकाल त् पाह्यजे तोच आला न!"

"म्हणूनच शंका आहे."

"सगळे मार्गदर्शक म्हणतात, पोरीनं निकाल काढला, बेस झालं. तुम्हीच तेवढ्या..."

"बोल बोल. मीच तेवढी काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पिंजरे घासायला गेली. पिंजरे आधीच घासलेले होते.

त्या दुपारी वीज गेली. दिवा आणि करंट बॅटरीवर चालायचे, काउंटर मात्र मेला. सुजाता म्हणाली, उद्या करू. मी म्हटलं, "काउंटर नाही तर डोळे आहेत. बस इथं. गेला तर हो लिही, नाही गेला तर नाही." खुर्च्या पेटीजवळ ओढल्या. झाकणाला काच होती. इतके दिवस त्या काचेतून आम्ही दोघींनी नीट डोकावलं नव्हतं. आकडे पडत होते ना, मग कोण बघतो!

औषधवाला उंदीर आत सोडला. दिवा लागला. तो वळला. लगेच, दिवा लागता लागताच. सरळ दाराकडे गेला. पुढचे दोन पाय चौकटीच्या खालच्या पट्टीवर ठेवले आणि अंग वर ओढायला लागला. मागचे पाय घसरले. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरले. तेवढ्यात करंट आला. तो धडपडला, खाली पडला, परत चढू लागला.

सुजातानं लिहिलं, "नाही."

"काय लिहिलंस?"

"गेला नाही, मॅडम."

"त्याला कुठं जायचं होतं, ते दिसलं का तुला?"

तिनं काचेवर वाकून बघितलं. दुसरा उंदीर घेतला. तोही तसाच. तिसऱ्यानं तर कमाल केली. दिवा लागायच्या आधीच तो दाराशी जाऊन त्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसला. दिवा लागला तशी त्यानं जोर लावायला सुरुवात केली. सुजाताच्या हातातलं पेन थांबलं.

"याले त् सगळं समजून राह्यलं," ती हळू आवाजात म्हणाली.

"समजतंय. पाय उचलत नाहीत."

मी चष्मा पुसला आणि पेटीचं दार पहिल्यांदा नीट बघितलं. खाली दोन बोटं उंच लाकडी पट्टी होती. गुळगुळीत, चकचकीत पॉलिश केलेली. बाई गं, हा तर उंबरठा! कंपनीच्या पेटीत असलं काही नसतं. तिथं जमीन इकडून तिकडं सपाट असते. धडधाकट उंदीर दोन बोटं उडी मारून जातो, त्याला काही फरक पडत नाही, म्हणून पाणीवाल्या गटात काहीच दिसलं नाही. औषधानं ज्याचे मागचे पाय कमजोर झाले, तो तिथंच अडकायचा. आणि आम्ही लिहायचो, याला आठवत नाही.

ही पेटी नांदुऱ्याच्या सलीम मिस्त्रीनं बनवली होती. कंपनीची परवडेना, म्हणून कॉलेजनं त्याला एक चित्र दिलं आणि हुबेहूब करून घेतली. मिस्त्रीचा धंदा घरांच्या चौकटी-दारांचा. काम पक्कं. मी त्याला बोलावून घेतलं.

"मिस्त्री, हा उंबरठा कोणी सांगितला होता?"

"देहली?" तो वाकून बघत म्हणाला. "सांगायले कायले पाह्यजे? चौकट म्हटली का देहली आलीच. बिनदेहलीची चौकट म्या आजलोक नाही बनवली, मॅडम."

"पण चित्रात नव्हती."

"चित्र लहान होतं. म्या म्हटलं, दिसत नसंन." मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "पालिश बी चांगलं मारलं तिले. देहली नसली त् पानी घुसते, इचू-काटा घुसते, उंदीर घुसतात."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "मिस्त्री, पेटी उंदरांचीच आहे."

"हाव न," तो म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा! मंग त् गडबड झाली."

सुजाता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मिस्त्रीला तरी काय बोलणार? मीही ती पट्टी रोज बघत होते की. दाराला उंबरठा असतो, त्यात बघायचं काय! माझ्या घराच्या उंबरठ्याला मी रोज हळदकुंकू वाहते. एखाद्या परक्या मुलखातल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. आमच्याकडे कोणी विचारलं नाही. मिस्त्रीनं तिथंच बसून करवतीनं उंबरठा काढला, जागा घासली, आणि चहा पिऊन गेला.

मेळावा मात्र थांबला नाही. मी ग्राफ दिला नव्हता, पण अध्यक्षांना ग्राफ कशाला लागतो? माइक पुरे. फवारणीनं माणसाचं डोकंच जातं, आमच्या कॉलेजनं उंदरांवर सिद्ध केलंय, असं ते बोलून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. तो पेपर सुजाताच्या गावीही पोचला. संध्याकाळी घरून फोन आला आणि ती पांढरीफटक पडून माझ्याकडे आली.

"काका म्हणे, बरं झालं सिद्ध झालं. दारूनं म्हणा का औषधानं, डोकं त् गेलंच न. लहानीले नवीन पाहुणे येऊन राह्यले. साक्षगंधात बाबाच्या जागेवर काका बसणार. बाबाले मागच्या खोलीत ठेवू म्हणे, लोकायसमोर नको." ती भिंतीला टेकली. "मॅडम, हे म्याच केलं का?"

"तू काही केलं नाहीस. अजून प्रयोग संपलेला नाही," मी म्हटलं.

प्रयोग पुन्हा करायचा म्हणजे नवे उंदीर, आणि नवे उंदीर म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती. तिथं कारण सांगावं लागतं. मी सांगितलं, पेटीला उंबरठा होता. समितीतले एक डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. परवानगी मिळाली. मग परत तेच, रोज डोस, रोज पेटी, रोज लोडशेडिंग. थकून जायचो दोघी. सुजाता आता काउंटरकडे बघायचीच नाही, काचेला नाक लावून बसायची.

सपाट दारातून औषधवाले उंदीर गेले. चालायचे अडखळत, मागचं अंग ओढत, पण दिवा लागला की निघायचे आणि करंट यायच्या आत पलीकडे पोचायचे. पाणीवाल्यांच्या बरोबरीनं शिकले. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चढल्या. मग आम्ही त्यांना फिरत्या दांड्यावर ठेवलं. रोटारॉड म्हणतात त्याला. दांडा हळू फिरतो, उंदरानं त्यावर तोल सांभाळायचा. पाणीवाले आरामात राहिले. औषधवाले टपाटप खाली पडले. गेलं होतं ते पायांचं बळ. डोकं जागेवर होतं.

प्राचार्य दारात आले. रुमाल होताच.

"म्हणजे मॅडम, एवढं करून डोंगर पोखरून उंदीर काढलात!"

"उंदीर आधीपासून होते, सर. उंबरठा काढला."

"साहेब जाहीर बोललेत! आता त्यांना काय सांगू?"

"पाय म्हणावं. डोकं नाही, पाय."

"थीसिसमध्ये तो उंबरठ्याचा भाग घालू नका निदान. कॉलेजची अब्रू जाते."

मी काही बोलायच्या आत सुजाता मागून म्हणाली, "सर, तो भाग राहीन." एवढ्या ठाम आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. प्राचार्यांनीही नव्हतं. ते गेले.

ते गेल्यावर ती खाली बसली. मला वाटलं आता रडणार. हरलीच होती बिचारी. औषधानं आठवण जाते हे सिद्ध करायला निघाली आणि जात नाही हे स्वतःच्या हातानं दाखवून बसली. गाव आता म्हणणार, मग दारूच. तिला काय समजूत घालावी या विचारात मी पिंजऱ्यांना पाणी घालत राहिले.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्या घरी बाबाले सगळे दारातूनच हाक मारतात. बाबा, उठा. बाबा, चला. बाबा, इकडे या."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"बसल्या जागी त्याह्यले कोनी काही इचारतच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. खामगावला गाडी बदलून जावं लागतं. परत आली ती सोमवारी. बॅग घेऊन हॉस्टेलवर न जाता थेट अ‍ॅनिमल हाउसमध्ये. उभ्यानंच सांगायला लागली. तिच्याच शब्दांत सांगते.

"बाबा कोपऱ्यातच बसेल होते. काकानं दारातून आवाज देल्ला, भाऊ, उठ, पोरगी आली. बाबा हालले नाही. काका म्हणे, पाह्य, पोरगी बी ओळखू येत नाही. मी जाऊन त्याह्यच्या बाजूले खाली बसली. म्हटलं, बाबा, उठू नका. फक्त सांगा, मी कोन? मॅडम, बाबा म्हणे, 'माही सुजाता. उंदरायची डॉक्टरीण.'"

एवढं बोलून ती इतकी रडली की मी दार लावून घेतलं.

"मंग सगळं सांगतलं त्याह्यनं. कोनाच्या वावरात होते, वारा कोनीकडून होता, कोन पह्यले हासलं, सगळं. मी म्हटलं, बाबा, मंग बोलत काऊन नाही? इतके दिवस? त् म्हणे, 'उठलो का पडतो. पडलो का लोक म्हणतात पेला. नाही उठलो त् म्हणतात येडा झाला. मंग म्या म्हटलं, पेल्यापरिस येडा बरा.'"

काही फवारणीच्या औषधांचं विष उतरतं, माणूस बरा दिसतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसा धरल्या जातात. हे आमच्या पुस्तकात आहे. मी दरवर्षी शिकवत होते, परीक्षेत पाच मार्कांना येतं. पोरीनं वडिलांचं सांगितलं तेव्हा तिच्या डोक्यात स्मरणशक्ती होती, आणि मी मुकाट्यानं तिच्या मागून गेले. झोकांड्या हा शब्द तिनं उच्चारला होता की! रागच आला मला. गावाचा, काकांचा, आणि पुस्तक पाठ असलेल्या आमच्यासारख्यांचा.

सुजातानं वडिलांना अकोल्याला नसांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पायाच्या नसा तपासल्या आणि औषधाचंच काम असावं असं सांगितलं. काही बळ येईल म्हणाले, सगळं येणार नाही. काठी द्या, व्यायाम द्या. काकांना तिनं मुद्दाम सोबत नेलं होतं. डॉक्टरांनी वडिलांना प्रश्न विचारले आणि वडिलांनी बसल्या बसल्या सगळी उत्तरं दिली, तेव्हा काकांनी दोनदा टोपी काढून पुन्हा घातली. हे सुजातानं सांगितलं.

थीसिस झाला. नाव इतकं रटाळ की मलाच आता आठवत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक उंबरठ्याच्या पानावर थांबले. "हे कशाला लिहिलंत? गाळलं असतं तर कोणाला कळलं नसतं."

"म्हणूनच लिहिलं, सर," ती म्हणाली. पास झाली. मेळाव्यातलं भाषण मात्र कोणी दुरुस्त केलं नाही. पेपरात एकदा छापलं ते छापलं.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मला आग्रहाचं बोलावणं होतं. गुडघ्यांना शिव्या देत मी गेले. अंगणात मांडव होता. वडील पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर काठी आडवी. काका त्यांच्या मागं उभे. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं जरा चाचपून बघावं तसं विचारलं, "काय भाऊ, तब्येत कशी आहे?"

"पाय गेले," वडील म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "बाकी सगळं हाय. आन चहा काऊन नाही आला अजून पाहुण्यायले?"

मांडव हसला. सुजाताची आई डोळे पुसत चहा आणायला उठली.

मी तिच्या मागोमाग घरात गेले. पाय उचलायच्या बेतानं दारात थांबले आणि बघते तर दाराला उंबरठा नव्हता. करवतीची खूण ताजी होती. लाकूड उघडं पडलं होतं.

"पोरीनं काढाले लावला," आई म्हणाली. "पावसाचं पानी येते आता आत."

"मग काय करता?"

"काय करता? पुसतो."

पुढं निवृत्त होईपर्यंत माझा एकच नियम होता. नवीन विद्यार्थी आला की त्याला पहिल्या दिवशी उंदीर द्यायचा नाही. नुसती रिकामी पेटी द्यायची, आणि म्हणायचं, तू उंदीर आहेस, पाय दुखतायत, आता पलीकडे जाऊन दाखव. पोरं हसायची. वेड्यात काढायची मला. काढू देत.

माझ्या घराचा उंबरठा आहे तिथंच आहे. गुडघे धरले की मी त्याच्यापाशी घटकाभर उभी राहते. सून आतून विचारते, "आई, काही विसरलात का?"

"विसरले काही नाही गं," मी म्हणते. "पाय उचलतेय."